मदत हवी आहे : रस्त्यावरच्या दिव्यांचं संग्रहालय, जुना उजेड दाखवायचा कसा?

मंडळी, शहरांतल्या रस्त्यांवरच्या दिव्यांच्या इतिहासावर आम्ही काहीजण एक छोटं संग्रहालय उभं करतोय. लंडनच्या पॉल मॉल या रस्त्यावर 1807 साली लागलेले गॅसचे दिवे, पॅरिसमध्ये 1878 साली झळकलेल्या रशियन अभियंता याब्लोच्कोव्हच्या कार्बनच्या 'मेणबत्त्या' (म्हणजे विजेचे दिवे), असा क्रम ठरलाय. फलक, छायाचित्रं, खांब यांची सोय होईल. अडलंय ते प्रत्यक्ष उजेडापाशी, आणि माझ्या मते तोच या संग्रहालयाचा जीव आहे.

पहिला प्रश्न गॅसबत्तीच्या मेंटलचा, म्हणजे ज्योतीवर तापून उजळणाऱ्या जाळीदार कापडी पिशवीचा. एकदा पेटवला की कापड जळून जातं आणि उरतो तो ऑक्साइडचा नाजूक सांगाडा. बोट लागलं तरी भुगा होतो. जुन्या मेंटलमध्ये थोरियम असल्यामुळे तो किंचित किरणोत्सारीही असतो. असा वापरलेला मेंटल काचेआड सुरक्षित ठेवण्याचा अनुभव कुणाला आहे का? पेटीला हादरे बसू नयेत म्हणून काय करता?

दुसरा, कमी दाबाचा सोडियम दिवा. त्याचा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, सुमारे 589 नॅनोमीटर. त्याखाली लाल साडी आणि हिरवी पिशवी दोन्ही करड्याच दिसतात, आणि हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं अशी फार इच्छा आहे. पिवळ्या एलईडीचा वर्णपट त्यामानाने रुंद असतो. त्यावर अरुंद पट्ट्याचा (ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश जाऊ देणारा) फिल्टर लावून हा परिणाम साधेल का, की जुना दिवा त्याच्या चोकसकट (दिव्यातला विद्युतप्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या भागासकट) मिळवण्याला पर्याय नाही?

कुणी असं दालन उभारलं असेल तर जरूर सविस्तर लिहा.