किनोआ परका असेल, तर शेंगदाणा कुठला?

तापीकाठची
काल आपल्या खानदेशी खाद्यगटावर एक लेख फिरत होता. किनोआ हे परदेशी तणाचे बी आहे, शहरातील लोकांनी मिरवण्यासाठी ते आणले आहे, जे आपल्या मातीत उगवत नाही ते आपल्या पोटाला मानवत नाही आणि खानदेशी घरात किनोआ शिजवणे म्हणजे आईच्या हातच्या भाकरीचा अपमान करणे होय, असा त्याचा आशय होता. शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मातीचाच निकष लावायचा असेल, तर आधी स्वतःचे ताट तपासावे. शेवभाजीतील मिरची आणि टोमॅटो, उपासाचा साबुदाणा आणि बटाटा, बट्टीच्या पिठातील मका ही सारी पिके मूळची अमेरिका खंडातील आहेत. शेंगदाण्याचे मूळ तर दक्षिण बोलिव्हिया आणि वायव्य अर्जेंटिनाच्या पट्ट्यात मानले जाते, आणि किनोआ त्याच बोलिव्हिया-पेरूच्या अँडीज पठारावर हजारो वर्षांपासून पिकत आला आहे. शेंगदाण्याचे तेल आणि कूट काढून टाकले, तर आपल्या स्वयंपाकघरात काय उरेल, हे लेखकाने सांगावे. शिवाय ज्याला ते तण म्हणतात, त्याच्याच वंशातील चाकवताची ताकातली भाजी आपण हिवाळाभर आवडीने खातो.

आमच्याकडे सासऱ्यांना मधुमेह आहे आणि रात्री खिचडीवाचून त्यांचे जेवण होत नाही. खिचडीतील तांदळाऐवजी मी किनोआ वापरते, भाकरीऐवजी नव्हे. शंभर ग्रॅम कोरड्या किनोआत सुमारे १४ ग्रॅम प्रथिने आणि ७ ग्रॅम तंतू असतात, तर पांढऱ्या तांदळात प्रथिने जेमतेम ८ ग्रॅम असून तंतू त्याहून बरेच कमी असतात. ज्यांना किनोआ कडू लागला, त्यांनी तो बहुधा धुतलेलाच नसतो. दाण्यांवर सॅपोनिनचा थर असतो, त्यामुळे बारीक चाळणीत घेऊन फेस येणे थांबेपर्यंत चोळून धुवावे लागते. मग जिरे, लसूण आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीत दाणे कोरडे होईपर्यंत परतायचे, दुप्पट गरम पाणी घालून मंद आचेवर पंधरा मिनिटे शिजवायचे आणि गॅस बंद केल्यावर झाकण न उघडता दहा मिनिटे तसेच ठेवायचे. दाण्याभोवती पांढरी शेपटी सुटलेली दिसली की तो शिजला असे समजावे. वेगळी शिजवलेली तुरीची डाळ त्यात मिसळते आणि वरून कच्चे शेंगदाण्याचे तेल घालते. सोबत भाजलेला पापड असला, की सासरे दुसऱ्यांदा वाढून घेतात.

दादरवाला
ताई, त्या लेखाची भाषा उद्धट होती, पण त्यातील दुखणे खरे आहे. मी चोपडा तालुक्यातील शेतकरी आहे. तापीच्या काळ्या जमिनीत नुसत्या ओलाव्यावर येणारी दादर ज्वारी माझ्या डोळ्यांदेखत कापूस, केळी आणि मक्याने मागे ढकलली. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, भाषणे झाली, फलक लागले, आणि त्याच वर्षी आमच्या गावात दादरचे क्षेत्र आणखी घटले. सरकारने २०२४-२५ साठी संकरित ज्वारीला क्विंटलमागे ३,३७१ रुपये हमीभाव जाहीर केला, परंतु माझा माल घेताना व्यापाऱ्याने तो भाव दिला नाही. त्याविषयी या गटात कोणी चार ओळी लिहिल्या नाहीत. किनोआ म्हटले, की मात्र सगळ्यांना प्रथिने आठवतात. किलोमागे ज्वारीच्या कित्येक पट पैसे मोजून शहरातील माणूस ते बी विकत घेतो आणि शेतकऱ्याची दादर त्याला महाग वाटते, याचा मला राग आहे.

धुळ्याची आहारतज्ज्ञ
वादात आकडे आले आहेत, तर ते पूर्ण यावेत. किनोआत नऊही आवश्यक अमिनो आम्ले, म्हणजे अन्नातूनच मिळवावे लागणारे प्रथिनांचे घटक, चांगल्या प्रमाणात असतात, हे खरे आहे. ज्वारीत त्यांपैकी लायसिन कमी असते, हेही खरे आहे. परंतु आपल्या आज्यांनी ज्वारीत सालासकट काळे उडीद मिसळून कळण्याचे पीठ केले, तेव्हा ती उणीव भरून निघाली होती, कारण उडदात लायसिन भरपूर असते आणि उडदात जे कमी पडते ते ज्वारी पुरवते. चार वाटे ज्वारी आणि एक वाटा उडीद धरला, तर शंभर ग्रॅम पिठात साधारण साडेबारा ग्रॅम प्रथिने येतात. म्हणजे किनोआपासून ते फार लांब नाही, आणि किंमत त्याच्या मानाने बरीच कमी आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. माझ्याकडे येणाऱ्या अनेक रुग्णांची अशी समजूत झालेली असते, की किनोआ कितीही खाल्ला तरी साखर वाढत नाही. शंभर ग्रॅम कोरड्या किनोआत ६४ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. पांढऱ्या भातापेक्षा तो साखर सावकाश वाढवतो, एवढेच म्हणता येईल. ताटभर खाल्ला, तर तोही वाढवणारच.

तापीकाठची
कळण्याचा हिशोब मला मान्य आहे आणि प्रमाणाचा इशाराही मान्य आहे. मात्र किनोआ साखर वाढवत नाही, असे मी कोठेही लिहिलेले नाही. दादरवाले भाऊ, आपल्या भावाचा प्रश्न खरा आहे, पण माझ्या खिचडीने आपली ज्वारी अडवलेली नाही. आमच्या घरात दुपारी भाकरीच असते. आता मी उलट विचारते, की रात्रीची कळण्याची भाकरी थापणार कोण?

चोपड्याची लेक
या प्रश्नाची मी वाटच पाहत होते. माझ्या आईने एकत्र कुटुंबात आयुष्यभर दोन्ही वेळा भाकरी थापल्या. घरातील पुरुषांना तव्यावरून थेट ताटात पडणारीच भाकरी हवी असे. त्यामुळे सर्वांचे जेवण होईपर्यंत ती चुलीसमोरून उठत नसे, आणि तिच्या वाट्याला जी भाकरी येई ती नेहमी गार असे. आज तिचे मनगट इतके दुखते, की तिला पाण्याचा तांब्या उचलता येत नाही. मी जळगावात नोकरी करते. संध्याकाळी घरी आल्यावर अर्ध्या तासात पोटभर आणि पौष्टिक काही शिजत असेल, तर ते बोलिव्हियाचे आहे की बोदवडचे, हे मी पाहत नाही. ‘आईच्या हातची भाकरी’ असे कौतुकाने लिहिणाऱ्यांपैकी किती जणांना स्वतःला भाकरी थापता येते, हे त्यांनी येथे लिहावे.

नाना अमळनेरकर
हा विषय भलतीकडे चालला आहे. चर्चा किनोआची आहे, पुरुषांवरील आरोपांची नाही. आमच्या मातोश्रींनी शेवटपर्यंत भाकरी केली आणि एका शब्दाने तक्रार केली नाही. कष्टाला त्या प्रेम म्हणत असत. आजच्या पिढीला स्वयंपाकाचा कंटाळा आहे, आणि त्या कंटाळ्याला आरोग्याचे नाव देऊ नये. दळणासाठी गिरणी आली, चुलीच्या जागी गॅस आला, तरी भाकरी जड वाटते, हे मला पटत नाही.

चोपड्याची लेक
नाना, आपण त्यांना कधी विचारले होते का? माझ्या आईनेही कधी तक्रार केली नाही. मनगटाविषयी ती पहिल्यांदा बोलली, तेही डॉक्टरांनी विचारल्यावर, आणि तेव्हा आम्ही सगळे तिच्या शेजारी बसलेलो होतो. गॅसमुळे धूर गेला, हे मान्य आहे, पण उकड काढणे, पीठ मळणे आणि एकेक भाकरी थापणे यांतले काय कमी झाले?

नाना अमळनेरकर
माझ्या आईविषयी असे प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही.

चोपड्याची लेक
मातोश्रींचे उदाहरण आपण स्वतः वादात आणले. ते आणले नसते, तर मी विचारले नसते.

दादरवाला
दोघांनीही आवाज खाली आणावा. ताईंचा मुद्दा मला बोचला, कारण शेतातही तेच घडले आहे. दादरची कापणी, कणसे खुडणे आणि कडब्याच्या पेंढ्या बांधणे ही कामे मुख्यतः बायकाच करत आल्या आहेत. मजूर मिळेनासे झाले, हे दादर मागे पडण्याचे मोठे कारण आहे. पाखरे राखायला दिवसभर कोणीतरी शेतात लागते, तेही आता कोणी करत नाही. तरीही मी एक विचारतो. ज्वारी म्हणजे केवळ भाकरी, असे कोणी ठरवले? ज्वारी भरडून केलेल्या कण्या कुकरमध्ये शिजतात आणि त्यांवर ताक घालून पोटभर जेवण होते. उन्हाळ्यात केलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वर्षभर पुरतात. भाकरी थापण्याचा त्रास टाळायचा असेल, तर उपाय आपल्याच घरात आहे. त्यासाठी अँडीजपर्यंत जायला नको.

तापीकाठची
कण्या मी करते आणि मला त्या आवडतात. पण त्या आधी भिजत घालाव्या लागतात, आणि भरड ताजी नसेल तर कडसर लागतात. जळगावात चांगली दादर भरडून देणारी गिरणी शोधून दाखवा, मी उद्यापासून घेते. दुकानात दादर म्हणून जे मिळते, ते प्रत्येक वेळी दादर नसते, हे आपल्यालाही ठाऊक असेल.

दादरवाला
हे खरे आहे आणि ते लाजिरवाणे आहे. भेसळीबद्दल मी वाद घालणार नाही.

सातपुडा
एक दुरुस्ती सुचवतो. किनोआ आता केवळ परदेशातून येत नाही. राजस्थानात आणि सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर भागात तो रब्बीत पिकतो. त्याला पाणी कमी लागते आणि क्षारपड जमीनही तो बऱ्यापैकी सोसतो. आमच्या धडगाव भागात लोक भगर पिकवतात, पण तिलाही शहरात उपासाच्या दिवसांपलीकडे फारसे विचारत नाहीत. हलक्या जमिनीच्या एका तुकड्यावर किनोआ लावून पाहण्यात गैर काय आहे?

दादरवाला
सातपुडा भाऊ, सफेद मुसळी या औषधी पिकाचा अनुभव आपण विसरलात का? आमच्याकडे महागडे बियाणे विकणारे घरापर्यंत आले होते. माल तयार झाल्यावर खरेदीला त्यांच्यापैकी एकही आला नाही, आणि माझ्या काकांनी त्या कर्जापायी दोन एकर जमीन विकली. ज्याचा बाजार जवळ नाही आणि ज्याचे दर शेकडो किलोमीटरवर ठरतात, ते पीक मी लावणार नाही. पीक वाईट आहे, असे मी म्हणत नाही. विकत घेणारा कोण, हे आधी कळले पाहिजे.

सातपुडा
मुसळीत आमचेही नुकसान झाले आहे. तरीही एका फसवणुकीसाठी प्रत्येक नव्या पिकाला दोषी धरणे मला मान्य नाही. नीमचच्या बाजारात किनोआची उघड खरेदी होते, तेव्हा निदान दर तरी कळतो. मुसळीच्या वेळी तेवढेही नव्हते.

धुळ्याची आहारतज्ज्ञ
मूळ प्रश्न ताटाचा आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहिते. ज्या घरात रात्री पांढरा भात ठरलेला आहे, तेथे त्याच्या जागी डाळीसह मोजून किनोआ घेतला तर लाभ आहे. ज्या घरात कळण्याची भाकरी, डाळगंडोरी आणि पालेभाजी नियमित होते, तेथे किनोआसाठी वेगळा खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

दादरवाला
भाताच्या जागी येत असेल, तर माझा विरोध नाही. तांदूळ आम्ही तसाही पिकवत नाही. भाकरीच्या जागी आला, तर विरोध राहील, आणि त्या लेखकाचे म्हणणे तेवढ्यापुरते मी उचलून धरीन.

नाना अमळनेरकर
आहारतज्ज्ञ ताई, मलाही मधुमेह आहे, म्हणून विचारतो. हा किनोआ एका वेळी किती घ्यावा, आणि तो घेतला म्हणून गोळी कमी करता येते का?

धुळ्याची आहारतज्ज्ञ
नाना, शिजवलेला एक वाटी घ्यावा. सोबत वाटीभर घट्ट वरण आणि भाजी असावी, आणि त्या जेवणात भात किंवा भाकरी वेगळी घेऊ नये. गोळीचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज मुळीच बदलू नका.

नाना अमळनेरकर
वाटीचे प्रमाण लक्षात ठेवतो. भाकरीविषयीचे माझे मत मात्र होते तेच आहे.