मदत हवी आहे : १९३०च्या दशकातला क्षय, वानलेसवाडी आणि तासगावकडची खेडी

नमस्कार मंडळी,

आजोबांचे थोरले भाऊ, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत, १९३४-३५ साली मिरजेजवळ वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये होते. गाव तासगाव तालुक्यातलं, म्हणजे तेव्हाचा सातारा जिल्हा. मिरजेचं मिशन हॉस्पिटल काढणारे डॉ. वानलेस १९२८मध्ये निवृत्त झाले, त्यामुळे अण्णांच्या वेळी ते तिथे नव्हते. सॅनिटोरियमबद्दल थोडंफार वाचलंय. मला हवंय ते गावातलं.

अण्णांची पोस्टकार्डं मिळालीत. मजकूर तोच तोच: सकाळचा ताप, संध्याकाळचा ताप, वजन, ‘आज हवा भरली’. ही हवा म्हणजे ए.पी. (आर्टिफिशियल न्यूमोथोरॅक्स): बरगड्यांमधून सुई घालून फुफ्फुसाभोवती हवा सोडायची, म्हणजे फुफ्फुस दबून त्याला विश्रांती मिळते. ती हवा जिरते, म्हणून ठरावीक दिवसांनी पुन्हा भरायची. क्षयावरचं पहिलं प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ला. तोवर हे, आणि अंथरूण, दूध, अंडी, मोकळी हवा. शेवटच्या कार्डात लिहिलंय, ‘मी पडवीत निजेन. माझं ताट-तांब्या निराळा ठेवा. थुंकीची राख करावी, पोरांना जवळ येऊ देऊ नये.’ हे तिथे पढवूनच पाठवत असणार.

पण गावी परतलेल्या रोग्याकडे पुढे कोणी बघायला यायचं का? मुंबईत क्षयाविरुद्धची लीग १९१२पासून होती. पंचम जॉर्ज छातीच्या दुखण्यातून उठले म्हणून १९२९मध्ये क्षयनिवारणासाठी निधी जमवला गेला (राजाची छाती भरली तेव्हा रयतेची आठवण झाली, असो). त्यातलं तासगावपर्यंत काय झिरपलं? आत्या सांगायची की चावडीसमोर धोतर ताणून मॅजिक लँटर्नवर रोगाची चित्रं दाखवली होती. ती क्षयाची की प्लेगची, तिला सांगता येईना.

सातारा जिल्हा लोकल बोर्डाचे त्या काळातले आरोग्याचे अहवाल कुणी पाहिलेत का? पुणे की कोल्हापूर पुराभिलेखागार, आधी कुठे जावं? मिशन अमेरिकन प्रेस्बिटेरियन लोकांचं, त्यांचे कागद फिलाडेल्फियात आहेत. तिकडचं कुणी इथे असेल तर मिरजेच्या वार्षिक अहवालांत घरभेटींचा उल्लेख येतो का, एवढं बघून सांगाल का? रोग्यांची नावं नकोत, पद्धत कळली तरी पुरे.

दोन कार्डं मोडीत आहेत. वाचणारं कोणी असेल तर फोटो टाकतो.