शब्दचर्चा: 'निगेटिव्ह फीडबॅक'ला शरीरशास्त्रात काय म्हणायचं?

दांडियाबाजार: महिला मंडळासाठी पाळीबद्दलचं माहितीपत्रक तपासायला आलंय. त्यात लिहिलंय, "इस्ट्रोजेन मेंदूला नकारात्मक अभिप्राय देते." जाऊबाई वाचून म्हणाल्या, "का गं, मेंदूचं जेवण आवडलं नाही का तिला?" शिवाय मसुदा करणारी गुजराती माध्यमातली, त्यामुळे हॉर्मोनला सगळीकडे 'अंतःस्राव' आणि ओव्हरीला 'अंडपिंड'. बडोद्यात चालून जाईल म्हणा, पण पत्रक पुण्यालाही जाणारे.

रावपुरा: हॉर्मोनला संप्रेरक. ओव्हरीला बीजांडकोश किंवा अंडाशय. 'अंडकोश' चुकूनही नको, हिंदी वाचणारा पुरुषांचं समजेल. फीडबॅक म्हणजे प्रत्याभरण, निगेटिव्ह म्हणजे ऋण.

दांडियाबाजार: 'ऋण' म्हटलं की आमच्या मंडळात आधी पतपेढी आठवते हो!

वाघोडिया रोड: आधी काय घडतं ते पाहू. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातून जीएनआरएच हे संप्रेरक सलग झिरपत नाही, ठरावीक अंतराने सुटतं. त्याच्या इशाऱ्यावर मेंदूखालची पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं सोडते, आणि ती दोन्ही बीजांडकोशाला कामाला लावतात. तिथून आलेलं इस्ट्रोजेन एरवी वरच्यांना 'बास आता' म्हणतं. हे ऋण. पण बीज पिकत आलं की इस्ट्रोजेन खूप वाढतं, आणि साधारण दोन दिवस तसंच चढं राहिलं की तेच उलटं वागतं: एलएचची लाट उसळते आणि बीज सुटतं. हे धन. पुढे बीजांडकोशाचंच दुसरं संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन, वाढलं की जीएनआरएचचं सुटणं एकदम विरळ होतं. आधी तासा-दीड तासाने व्हायचं, ते आता तीन-चार तासांनी. म्हणजे इस्ट्रोजेन हे एकच संप्रेरक ऋणही आणि धनही. चांगलं-वाईट असं काही नाहीच त्यात. म्हणून 'नकारात्मक' बाद. मी 'रोधक' आणि 'उत्तेजक' प्रत्याभरण लिहीन.

रावपुरा: रोधक पटलं. पण जीएनआरएचच्या पेशींना इस्ट्रोजेनची खबर लागते कशी?

वाघोडिया रोड: थेट लागत नाही, गंमत तीच आहे. या कामाचा मुख्य इस्ट्रोजेन-ग्राही (इस्ट्रोजेन ओळखणारा रेणू) त्यांच्यात नसतो. तो असतो किसपेप्टिन नावाचा निरोप्या रेणू बनवणाऱ्या शेजारच्या पेशींत, निरोप त्या पोचवतात. किसपेप्टिनचं भाषांतर करायला जाऊ नका. त्याचं जनुक 1996 साली अमेरिकेतल्या हर्शी गावी सापडलं, आणि नाव पडलं तिथल्या 'किसेस' चॉकलेटवरून.

दांडियाबाजार: मंडळात किसपेप्टिन नको, चॉकलेटच वाटते! मग वाक्य असं करू? "बीजांडकोशातलं इस्ट्रोजेन पुरेसं झालं की ते मेंदूला आवर घालतं, बीज पिकल्यावर मात्र तेच मेंदूला घाई करतं."

रावपुरा: झकास. संज्ञा कंसात टाका.

वाघोडिया रोड: पाळी जाण्याच्या भागातही हाच 'आवर' वापरा. बीजांडकोश थकले की आवर घालणारं कोणी उरत नाही, म्हणून रिपोर्टात एफएसएच वाढलेलं दिसतं. त्या वयात तो रोग नव्हे. हे मसुद्यात कुठेच नाही, आणि बायका नेमक्या तोच आकडा पाहून घाबरतात.