बंद शेगडीसाठी सरपण: तपासायचं कसं आणि लावायचं काय?

पडीकरान: धुराडं असलेली बंद लोखंडी शेगडी आहे, दिवसाला ५ किलोच्या आसपास लाकूड लागतं. विकतचं सरपण धुमसतं, तासाभरात काच काळी होते. विकणारा म्हणतो वाळलेलंच आहे. हे तपासायचं कसं? शिवाय हलकी, पाणी नसलेली पडीक जमीन आहे. घरापुरतं जळण तिथे होईल का? जागा किती लागेल?

पाचर: धुमसतंय म्हणजे ओलं आहे. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असतं, शेगडीला २० टक्क्यांच्या आत लागतं. आधी ते पाणी उकळून जाण्यात उष्णता खर्च होते, ज्वाला थंड पडते आणि न जळालेला धूर काचेवर व धुराड्यात डांबरासारखा चिकटतो. धुराड्यातला हा थर पेटला तर आग छपरापर्यंत जाते, म्हणून काळ्या काचेकडे काणाडोळा नको.

तपासताना ओंडक्याची टोकं बघू नका, टोकं नेहमी आधी वाळतात. मधोमध फोडून आतल्या ताज्या भागाला हात लावा. गार, दमट लागला की ओलं. वजनाचा काटा असेल तर चार-पाच ढलप्यांवर खूण करा आणि दर पंधरा दिवसांनी वजन करा. कोरड्या हवेत वजन घटायचं थांबलं की वाळलं.

आणल्याबरोबर फोडा. अख्खा ओंडका सालीच्या आत वर्षानुवर्षं ओला राहतो. लांबी शेगडीच्या पोटापेक्षा ५ सेंमी कमी, जाडी ८ ते १२ सेंमी. थप्पी जमिनीपासून वीतभर उंच, विटांवर किंवा वाशांवर रचा, कापलेली टोकं वाऱ्याकडे ठेवा. फक्त वरून झाका. सगळीकडून प्लास्टिक गुंडाळलं की आतली वाफ कोंडते, बुरशी धरते. मऊ लाकडाला एक अख्खा उन्हाळा पुरतो, बाभळीसारख्या घट्ट लाकडाला दोन धरा.

रंगवलेलं लाकूड, प्लायवुड आणि कण्हेर शेगडीत कधीच नको, धूर विषारी असतो. बांबू फोडूनच घाला, बंद पेर फुटून उडतं.

खोडवा: लागवडीचा हिशेब. रोज ५ किलो म्हणजे वर्षाला १८०० किलो. हलक्या कोरडवाहू जमिनीत हेक्टरी वर्षाला ५ टन कोरडं लाकूड एवढंच धरा, जास्त आलं तर फायदाच. त्या हिशेबाने ३६ गुंठे लागतात. २ × २ मीटरवर ९०० झाडं. चार भाग पाडा, तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी एकच भाग तोडा. सातव्या वर्षी पहिल्या भागाची पाळी पुन्हा येते.

झाड निवडताना नुसती उष्णता पाहू नका. तितक्याच कोरडेपणाला किलोमागे उष्णता सगळ्यांची जवळपास सारखीच, खरा प्रश्न तोडल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटतं का हा आहे. सुरू आणि बाभूळ जळायला उत्तम, पण बुंध्यातून फुटायचा भरवसा नाही. सुबाभूळ, गिरीपुष्प, निलगिरी जोरात फुटतात. सुबाभळीचं बी सगळीकडे पसरून डोकेदुखी होते, शेंगा पिकण्याआधी छाटणी जमणार नसेल तर लावू नका. गिरीपुष्पाच्या काठ्या रोवणं सोपं, तरी तुमच्या जमिनीत बियाची रोपंच लावा. काठीची मुळं उथळ राहतात.

तोड पावसाच्या तोंडावर, फूटभर उंचीवर, तिरकी. पडणाऱ्या बाजूला आधी खाच घ्या, नाहीतर साल खाली फाटते आणि बुंधा कुजतो. फुटवे कमरेएवढे झाले की जोमदार २-३ ठेवून बाकीचे काढा. शेळ्या आत शिरू देऊ नका, कोवळे फुटवे वारंवार खाल्ले गेले तर बुंधाच मरतो.

पडीकरान: ओलावा मोजायचं दोन सुयांचं यंत्र घ्यावं का?

पाचर: घ्या. सुया ताज्या फोडलेल्या भागात, लाकडाच्या रेषांना समांतर टोचा. बहुतेक यंत्रं ओलावा कोरड्या लाकडाच्या वजनावर दाखवतात, म्हणजे यंत्रावरचे २५ हे एकूण वजनाचे २० टक्के. त्या आत आकडा येऊनही काच काळी होत असेल तर हवेची झडप फार लवकर बंद होतेय. ओंडका सगळीकडून पेटेपर्यंत ती पूर्ण उघडी ठेवा.