चिवट फलंदाजीला कसोटीत अजून जागा आहे का?

मूळ धागा

चेतेश्वर पुजाराने ऑगस्ट २०२५ मध्ये निवृत्ती जाहीर केली, तेव्हापासून दिवसभर ठाण मांडून खेळणारा फलंदाज आपल्याकडे पुन्हा घडेल का, हा प्रश्न मनातून जात नाही. जानेवारी २०२१ ची ब्रिस्बेन कसोटी ऋषभ पंतच्या नाबाद ८९ धावांसाठी सर्वांच्या लक्षात आहे, पण त्याच डावात पुजाराने २११ चेंडू खेळून ५६ धावा केल्या. आखूड टप्प्याचे चेंडू त्याने हेल्मेटवर, बरगड्यांवर, बोटांवर झेलले. अचानक उसळलेल्या चेंडूला बॅट लावून झेल देण्यापेक्षा हात खाली घेऊन तो अंगावर घेणे त्याने पत्करले. ऑस्ट्रेलियाचे गोलंदाज त्यानेच दमवले. रणजीतील लांबलचक खेळींना निवडीत वजन मिळाले नाही, तर ही विद्या संपेल, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १

असहमत. पुजारा बाद झाला तेव्हा जिंकायला आणखी १०० धावा हव्या होत्या आणि त्या पंतच्या वेगामुळेच वेळेत झाल्या. २०२४ च्या कानपूर कसोटीत दोन दिवस पूर्ण वाया गेले असताना भारताने ३४.४ षटकांत ९ बाद २८५ धावांवर डाव घोषित केला आणि सामना जिंकला. चिवटपणाने तो अनिर्णित राहिला असता. शिवाय फिरत्या खेळपट्टीवर न खेळता येणारा चेंडू कधीतरी येणारच, तोवर धावा जमवलेल्या बऱ्या.

प्रतिसाद २

हाच तर्क नोव्हेंबर २०२५ मध्ये ईडन गार्डन्सवर महागात पडला. १२४ धावांचे लक्ष्य असताना आपण ९३ धावांत गारद झालो. त्याच खेळपट्टीवर दक्षिण आफ्रिकेच्या तेंबा बवुमाने १३६ चेंडूंत नाबाद ५५ धावा केल्या आणि सामन्यातले ते एकमेव अर्धशतक ठरले. बॅट पॅडजवळ, हात सैल, चेंडू शक्य तितका उशिरा खेळायचा, एवढेच तो करत होता. मुंबईत १९४८ पासून कांगा लीग भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्ट्यांवर खेळली जाते, ती याच शिक्षणासाठी मोलाची. तरीही मूळ लेखकांइतका मी निराश नाही: जुलै २०२५ मध्ये इंग्लंडविरुद्ध मँचेस्टरला शून्यावर २ बाद अशा अवस्थेतून के. एल. राहुलने २३० चेंडू खेळून काढले, जडेजा आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी नाबाद शतके केली, आणि हे तिघेही आयपीएलचे झटपट क्रिकेट खेळणारेच आहेत.

प्रतिसाद १ (पुन्हा)

मग त्याआधीच्या लॉर्ड्स कसोटीचे काय? जडेजा १८१ चेंडू खेळून ६१ धावांवर नाबाद राहिला आणि आपण २२ धावांनी हरलो. थोडा आधी हात मोकळे केले असते तर?

मूळ लेखक

८ बाद ११२ वरून, जोडीला फक्त बुमराह आणि सिराज हे गोलंदाज असताना, त्याने डाव १७० पर्यंत नेला; याहून अधिक धोका पत्करणे म्हणजे सामना तिथेच सोडणे होते. बुमराह ५४ चेंडू टिकला, तोही जडेजावर विश्वास ठेवून. पराभवाचे कारण वरच्या फळीत शोधा. १९३ धावांचे लक्ष्य आणि एक संपूर्ण दिवस हाती असताना जैस्वाल शून्यावर इंग्लंडच्या आर्चरला पुलचा फटका मारायला गेला.