ग्रीस: आई-बाबांसोबत डेल्फी की सुनियन?

मे महिन्यात अथेन्सला ४ दिवस आहोत, आई-बाबा सोबत, अ‍ॅक्रोपोलिस तर बघणारच पण बाहेर एकच दिवस काढता येईल, तर डेल्फी बरं की सुनियन? आईचे गुडघे दुखतात. प्लीज सांगा.

उत्तर १
डेल्फी! अथेन्सपासून १८० किमीच्या आसपास, बसने जवळपास ३ तास. चढ आहे हे खरं, पण अपोलोच्या देवळापर्यंत हळूहळू बसत-उठत जाता येतं, त्याच्यावर थिएटर आणि अगदी वर स्टेडियम, तिकडे आईंना नेऊ नका. थिएटरच्या वरच्या पायरीवरून खाली देऊळ, समोर दरी आणि नुसती ऑलिव्हची झाडं, मी अर्धा तास हललेच नाही तिथून. आणि देवळाखालची भिंत जवळून बघाच, वेडेवाकडे दगड असे चपखल बसवलेत की फट दिसत नाही आणि त्यांच्यावर बारीक अक्षरात गुलामांना मुक्त केल्याचे लेख कोरलेत. अंगावर काटा आला माझ्या.

उत्तर २
ताईंचं बरोबर आहे पण गुडघे दुखत असतील तर मी सुनियनच म्हणेन. ७० किमी, चढ थोडासाच, कड्यावर पोसायडनचं देऊळ, इ.स.पू. ५ व्या शतकातलं, खाली तिन्ही बाजूंनी समुद्र. सूर्यास्ताला जा, वारा जाम असतो, आईंना शाल द्या. परतीची शेवटची बस आधी विचारून ठेवा.

उत्तर ३
अ‍ॅक्रोपोलिसवर संगमरवर झिजून गुळगुळीत झालाय, चप्पल नको, ग्रिपवाले बूटच घाला सगळ्यांनी. सकाळी उघडताच जा.

प्रश्नकर्ता
खूप आभार! सुनियन ठरलं, बाबा खुश आहेत.