मदत हवी आहे: केर्न्स (ऑस्ट्रेलिया), ४ दिवस, सोबत आई-बाबा

ऑगस्टमध्ये मेलबर्नहून जातोय. आम्ही दोघे, मुलगी (८ वर्षं), पुण्याहून आलेली आई (६३) आणि बाबा (६७, रक्तदाबाची गोळी चालू). नवऱ्याला स्कूबा (हवेची टाकी लावून खोल बुडी) करायचं आहे. बेत असा: १. रीफ (ग्रेट बॅरियर रीफ, समुद्रातली प्रवाळांची रांग), २. कुरांडा (डोंगरावरचं गाव), ३. मॉसमन गॉर्ज (जंगलातली नदीची घळ), ४. दुपारचं विमान. आई-बाबांना पाण्यात उतरू देतील का? बेतात काही चुकतंय का?

प्रवाळ:
क्रम बदला. स्कूबानंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. तो पडण्याआधी उंचावर गेलं तर त्याचे बुडबुडे होतात. कुरांड्याच्या स्कायरेलचं (जंगलावरून जाणारी केबल कार) रेड पीक स्थानक ५४५ मीटरवर आहे, म्हणजे दुसऱ्याच दिवशी तिथे जाणं धोक्याचं. पहिल्या दिवशी कुरांडा करा, दुसऱ्या दिवशी रीफ आणि तिसऱ्या दिवशी मॉसमन, तो रस्ता समुद्राकाठचाच आहे. ऑगस्टमध्ये आग्नेयेचा वारा जोरात असतो. बोट रद्द झाली तर रीफ आणि मॉसमनची अदलाबदल करा. मात्र शेवटची बुडी आणि विमान यांत किमान १८ तास हवेत, २४ ठेवलेत तर उत्तम. नुसत्या स्नॉर्केलिंगला (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघणं) हे बंधन नाही.

आई-बाबा उतरू शकतात. क्वीन्सलँडच्या (केर्न्सचं राज्य) नियमांत साठीपुढचे स्नॉर्केलर जोखमीच्या गटात धरतात. त्यांना तरंगण्याचं साधन आणि जोडीदार देतात, लक्षही जास्त ठेवतात. आरोग्याच्या फॉर्मवर रक्तदाब लपवू नका, ही कळकळीची विनंती. नवऱ्याच्या फॉर्मवर एखादं उत्तर ‘हो’ येणार असेल, तर डॉक्टरांचं पत्र घरूनच न्या. ते नसेल तर बोटीवर स्कूबाला नकार मिळू शकतो.

सागरवाट:
आई-बाबांसाठी बाह्य रीफपेक्षा ग्रीन आयलंड बघा. बोटीने पाऊण तास लागतो, किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरता येतं आणि काचेच्या तळाची नावही आहे. बाह्य रीफला दीड-दोन तास लागतात आणि बोट चांगलीच हलते. मळमळीची गोळी बोट सुटण्याआधी तासभर घ्या (बाबांची डॉक्टरांना विचारून), खालच्या मजल्यावर मागे बसा.

कुरांड्याला जाताना रेल्वे, येताना स्कायरेल. इथे गाडीवाले फसतात: रेल्वे केर्न्सहून किंवा फ्रेशवॉटरहून सुटते, स्कायरेल मात्र स्मिथफील्डला उतरवते. तिकिटासोबतच बसची जोडणी घ्या. वाटेतला बॅरन धबधबा ऑगस्टमध्ये बारीक असतो, तो तिथल्या पावसाळ्यात (डिसेंबर ते मार्च) बघण्यासारखा.

खाजण:
केर्न्स शहरात पोहायला किनारा नाही, समोर चिखल आहे आणि मगरींचा वावर. मुलीला एस्प्लनेडवरच्या (समुद्राकाठचा रस्ता) लगूनमध्ये, म्हणजे पोहण्याच्या कृत्रिम तलावात न्या, फुकट आहे. मॉसमनला गाडी पर्यटक केंद्रावरच ठेवून तिथल्या शटलने आत जायचं असतं. नदीत उतरू नका, पाणी शांत दिसलं तरी ओढ जबरदस्त असते. लाकडी पुलांवरची वाट आई-बाबांना सहज जमेल.